दहापैकी सहा गुण, आणि रात्री अडीचपर्यंत न लागणारी झोप

विचारणाऱ्यानं बरंच लिहिलं होतं, त्याचा गोषवारा असा. वय २४, गाव परभणी जिल्ह्यात, सध्या पुण्यात नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांची तयारी. वडिलांना दारू, आईला मारहाण, आठवीपासून शिक्षण मामाकडे, तिथे ताटावर बसल्यावर ऐकवले जाणारे टोमणे. हल्ली अभ्यासिकेत कुणी खुर्ची सरकवली तरी दचकायला होतं, रात्री दोन-अडीचपर्यंत डोळा लागत नाही, घरून फोन आला की पोटात गोळा येतो. त्यात इंटरनेटवर लहानपणीच्या वाईट अनुभवांबद्दलची दहा प्रश्नांची एक चाचणी सोडवली, सहा गुण आले, आणि खाली लिहिलेलं की चारच्या वर गेलात तर धोका मोठा. म्हणून प्रश्न: मेंदू कायमचा बिघडलाय का, कुणाकडे जाऊ, आणि सगळं जुनं उकरून काढावं लागेल का?

यात तीन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्यात. एक, लहानपणी काय घडलं. दोन, आज काय त्रास होतोय. तीन, त्या सहा आकड्यानं घातलेली भीती. उपचार करायचे असतात ते दुसऱ्या गोष्टीवर. पहिलीकडे जायचं ते दुसरीसाठी लागेल तेवढंच. तिसरी तर इथेच निकालात काढू.

ही चाचणी आली कुठून? अमेरिकेत सॅन दिएगोला व्हिन्सेंट फेलिट्टी नावाचे डॉक्टर लठ्ठपणावरचा उपचार-कार्यक्रम चालवत. वजन उतरू लागलेली माणसंच मध्येच येणं सोडतात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि विचारपूस केल्यावर त्यातल्या अनेकांच्या लहानपणी अत्याचार झाल्याचं समोर आलं. मग रॉबर्ट अँडा या संशोधकासोबत त्यांनी १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून जास्त प्रौढांना लहानपणाबद्दल प्रश्न विचारले. पहिला निबंध १९९८ मध्ये छापून आला. चार किंवा जास्त प्रकारचे वाईट अनुभव आलेल्यांमध्ये व्यसन, डिप्रेशन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, ४ ते १२ पट निघाला. आकडा घाबरवणारा आहे खरा. पण तो हजारो माणसांच्या गटाचा आहे. एकट्यादुकट्याचं भवितव्य त्यावरून सांगता येत नाही. खुद्द अँडा यांनीच २०२० मध्ये लिहिलं की हे गुण एकेका व्यक्तीचा धोका मोजायला वापरू नयेत. चाचणी इंटरनेटवर टाकणारे एवढंच नेमकं गाळतात.

शिवाय ती चाचणी काय विचारते ते बघा. घटना घडली का, हो किंवा नाही. एकदा की दहा वर्षं, चौथ्या वर्षी की चौदाव्या, घडल्यावर कुणी जवळ घेतलं की नाही, यातलं जवळजवळ काहीच नाही. एखाद्याला वडिलांनी वर्षातून एकदा वळ उठेपर्यंत मारलं आणि दुसरा रोज संध्याकाळी माळ्यावर लपून बसला, तर त्या रकान्यात दोघांनाही एकेकच गुण. आणि आपल्याकडची निम्मी दुःखं तर त्या यादीत नाहीतच: डोक्यावरचं कर्ज, शाळेत जातीवरून झालेला अपमान, मास्तरांची छडी, आईवडील ऊसतोडीला गेल्यावर सहा महिने नातेवाइकांकडे काढलेले दिवस, सहाव्या वर्षीच वसतिगृहात टाकलेलं पोर. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत सोबत्यांकडून होणारा छळ आणि वस्तीतली हिंसा यांची भर घातलेली आहे, पण तुम्ही सोडवलेली दहा प्रश्नांची चाचणी ती नव्हे. तुमच्या मामाकडच्या टोमण्यांना त्यात किती गुण मिळाले असतील कोण जाणे. मला विचाराल तर तुमच्या आजच्या त्रासात त्यांचा वाटा मोठा असू शकतो, कारण ते रोजचे होते आणि त्यांच्याविरुद्ध तक्रार करायची सोय नव्हती. ज्याचं खातो त्याच्याविरुद्ध बोलायचं कसं, हा पेच मुलांना फार आतून पोखरतो.

आणखी एक बाजू त्या चाचणीत येत नाही: चांगलं काय घडलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सहा हजारांहून जास्त प्रौढांची माहिती तपासून २०१९ मध्ये एक अभ्यास आला. मनातलं घरात बोलता येणं, आईवडिलांखेरीज निदान दोन मोठ्या माणसांनी खरी आस्था दाखवणं, शाळेत आपलेपणा वाटणं, असे सात अनुभव त्यात विचारले होते. ते भरपूर मिळालेल्यांमध्ये मोठेपणी डिप्रेशनचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि वाईट अनुभव हिशेबात धरूनही फरक टिकला. सगळी उत्तरं एकाच वेळी घेतलेली असल्यानं यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण पहिल्या भेटीत मी मारहाणीइतकंच नेमानं हेही विचारतो: तेव्हा तुमच्या बाजूचं कोण होतं? आजी, गणिताच्या बाई, शेजारच्या काकू, कुणीही. हे आठवून ठेवा, उपचारात त्याचा उपयोग होतो.

आता मेंदूचं. दारुड्या बापाच्या घरातलं मूल काय शिकतं? कडी कशी वाजली, चप्पल फेकली की जोडीनं काढली, यावरून आजची रात्र कशी जाणार ते ओळखायला शिकतं. अभ्यास समोर असतो आणि कान दाराशी. उतू जाणाऱ्या दुधावर डोळा ठेवून उभं राहावं, तसं ते मूल वर्षानुवर्षं उभं असतं. धोका हुंगणारा मेंदूचा भाग, म्हणजे अमिग्डाला, अशा सरावानं चटकन पेटणारा होतो. ताणाची संप्रेरकं वेळीअवेळी वर जातात, झोप उथळ राहते. त्या घरात हे अगदी शहाणपणाचं होतं. आज अभ्यासिकेत खुर्ची सरकते आणि शरीर तोच धडा म्हणून दाखवतं. याला बिघाड म्हणण्यापेक्षा जागा बदलल्यावरही न सुटलेली सवय म्हणणं जास्त बरोबर. आवेग आवरणारा पुढचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो आणि त्यानंतरही नवं शिकणं थांबत नाही. त्यामुळे ‘कायमचा बिघडलाय का’ याचं उत्तर नाही असंच आहे. मात्र ही सवय नुसतं समजून घेतल्यानं जात नाही, ती सरावानं सोडवावी लागते.

निदान मी इथून करणार नाही, ते समोरासमोरच होतं. पण तज्ज्ञ काय वेगळं करून बघतो ते सांगतो. लहानपण कठीण गेलेल्या प्रत्येकाला आघाताचा विकार, म्हणजे पीटीएसडी, असतो असं नाही. विशी-पंचविशीत माझ्यासमोर जास्त येतं ते साधं डिप्रेशन किंवा चिंतेचा विकार, आणि त्यावर परीक्षेचा ताण. डिप्रेशनसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण ० ते २७. पाचपासून पुढे सौम्य, दहापासून पुढे दाखवायला जावं, पंधरापासून पुढे टाळाटाळ नको. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज कितीही असो, त्याच आठवड्यात भेट घ्यायची. दुसरीकडे, जुना प्रसंग पुन्हा आत्ता घडतोय असं वाटणं किंवा तशी स्वप्नं, त्याची आठवण येईल अशा गोष्टी टाळणं, आणि सतत सावध राहणं, ही तिन्ही लक्षणं कित्येक आठवडे टिकून कामात आड येत असतील तर आघाताचा विकार तपासतात. त्यात भावना आवरता न येणं, ‘मी कुचकामी’ असं खोलवर वाटणं आणि नाती टिकवताना दमछाक होणं यांची भर पडली, तर २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला गुंतागुंतीचा पीटीएसडी असं वेगळं निदान आहे. तुम्ही तिन्हींपैकी एकच लक्षण लिहिलंय, दचकण्याचं. बाकीचं विचारल्याशिवाय कळणार नाही.

त्याआधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, टीएसएच म्हणजे थायरॉइडची तपासणी, बी-१२. शाकाहारी मेसच्या जेवणावर बी-१२ खाली असणं अगदी नेहमीचं, आणि त्याचा थकवा हुबेहूब डिप्रेशनसारखा दिसतो. थायरॉइड वाढलेलं असेल तर धडधड, घाम, झोप उडणं होतं, आणि माणूस त्याला लहानपणाशी जोडत बसतो.

कुणाकडे जायचं? मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर, औषध लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांच्याकडे पुनर्वसन परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक असतो आणि तो मागायला लाजू नका. समुपदेशक या नावाखाली मात्र दोन वर्षं एमए केलेल्यापासून शनिवार-रविवारचा कोर्स केलेल्यापर्यंत सगळे येतात. परीक्षेचा ताण, निर्णयातला गोंधळ यासाठी चांगला समुपदेशक पुरतो. दचकणं, झोप आणि मारहाणीच्या आठवणी असं एकत्र असेल तर सुरुवात पहिल्या दोघांपैकी एकाकडे करा. पीएचक्यू पंधरा किंवा पुढे असेल, जेवण-झोप कोलमडली असेल किंवा मरणाचे विचार असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कॉटचं भाडं भरून हे कसं जमवायचं हे मनात असणारच. पुण्यात खाजगी थेरपीचं एक सेशन साधारण हजार ते अडीच हजारांना पडतं. विद्यार्थ्यांना कमी दर लावणारे बरेच जण आहेत, फोनवर सरळ विचारायचं. ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, आणि पहिली भेट दहा मिनिटांत आटोपली तर मनाला लावून घ्यायचं नाही, रांगच तेवढी असते. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. येरवड्याचं नाव काढलं की लोक हसतात, त्यांना हसू द्या. ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची सरकारी फोन-सेवा १४४१६ या नंबरावर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. तिथून जवळच्या केंद्राचा पत्ताही मिळतो.

थेरपिस्टला पहिल्या फोनवर चार गोष्टी विचारा. शिक्षण आणि नोंदणी. आघाताच्या त्रासावर कोणती पद्धत वापरता. साधारण किती सेशन लागतील. फरक पडतोय हे आपण कसं मोजणार. शेवटच्याचं उत्तर गोलमोल आलं तर दुसरा नंबर फिरवा. पहिल्याच भेटीत सगळा इतिहास तपशीलवार सांगायला लावणारा, ‘आईवडिलांना माफ केलंत की सुटाल’ म्हणणारा, संमोहनानं दडलेल्या आठवणी बाहेर काढतो म्हणणारा, किंवा तुम्हाला न विचारता मामांना फोन करणारा, या चौघांपासून लांब राहा. संमोहनाचं विशेष सांगतो: त्यात न घडलेल्या गोष्टीही पक्क्या आठवणी बनून बसू शकतात. आणि १८ पूर्ण झालेल्याचे उपचार गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंधनकारक आहे. अपवाद मोजके, उदाहरणार्थ तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हाचे.

आता उकरून काढण्याचं, कारण लोक दारातून परततात ते याच भीतीनं. सगळं सांगावं लागत नाही. डिप्रेशन हाच मुख्य त्रास निघाला तर जुन्या प्रसंगांना फारसा हातही न लावता बरं होता येतं. आघाताचा विकार निघाला तर आठवणींवर काम करावं लागतं, पण निवडक. सगळ्यात जास्त छळणारे दोन-तीन प्रसंग घेतात, आयुष्याची बखर नव्हे. पद्धती ठरलेल्या आहेत: आघातकेंद्री सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी, आघातानंतर मनात घट्ट बसलेले विचार तपासणारी बारा सेशनची सीपीटी, टाळलेल्या आठवणींना टप्प्याटप्प्यानं सामोरं नेणारी आठ ते पंधरा सेशनची प्रदीर्घ एक्स्पोजर थेरपी, आणि डोळ्यांच्या हालचाली वापरणारी ईएमडीआर. ‘मी मध्ये पडलो असतो तर आईला लागलं नसतं’ असं एखादं वाक्य माणूस पंधरा वर्षं खरं धरून चालतो. सीपीटीत ते कागदावर उतरवायला लावतात आणि मग विचारतात: तेव्हा वय किती होतं? नऊ. वडिलांची उंची किती? मध्ये पडून नेमकं काय करता आलं असतं? आपल्या नवव्या वर्षाचा तिसरी-चौथीतला फोटो आणायला सांगितला तर बऱ्याच जणांचा तो हिशेब तिथेच ढासळतो.

हे काम सुरू झालं की पहिल्या दोन-तीन सेशननंतर एखाददुसरी रात्र आधीपेक्षा वाईट जाते. हे अपेक्षित असतं आणि आधी सांगितलेलं असावं लागतं. सोडून जाणारे नेमके इथे सोडतात, ‘थेरपीनं वाढलं’ म्हणून. म्हणून वेळ साधायची. पूर्वपरीक्षा सहा आठवड्यांवर असेल तर आठवणींचं काम आत्ता काढू नये. आधी झोप, दचकणं आणि घरचे फोन एवढं हातात घ्यावं, परीक्षा झाल्यावर पुढचं. आठवणींना हात घालण्याआधी स्थिर होण्याचा टप्पा किती लांब असावा यावर तज्ज्ञांतही वाद आहे, काहींच्या मते तो लागतच नाही. मी माणसागणिक ठरवतो. स्वतःला इजा करणं, रोजची दारू किंवा आजही मारहाण होणाऱ्या घरात राहणं यांपैकी काही असेल तर आधी ते, नाहीतर तीन-चार भेटींच्या वर रेंगाळत नाही.

आठवणी खऱ्या कशावरून, अशी शंका तुम्ही ओझरती लिहिलीत. मोठी बहीण म्हणते ‘एवढं काही नव्हतं’. एकाच घरातल्या दोन मुलांच्या आठवणी वेगळ्या असणं अगदी साधं आहे, वयं वेगळी, खोल्या वेगळ्या, आईनं कुणाला बाहेर पाठवलं तेही वेगळं. २०२० मध्ये अँड्रिया डॅनीज आणि कॅथी स्पॅट्झ विडम यांनी न्यायालयाच्या नोंदीत छळ सिद्ध झालेल्या मुलांचा मोठेपणीचा अभ्यास मांडला. मानसिक त्रासाचा संबंध नोंदीपेक्षा त्या व्यक्तीच्या स्वतःच्या आठवणीशी, तिनं ते कसं अनुभवलं याच्याशी, जास्त घट्ट निघाला. तुमच्या कामापुरता याचा अर्थ असा की बहिणीकडून सही-शिक्का आणायची गरज नाही. थेरपी कोर्ट नव्हे.

भेट मिळेपर्यंत करण्यासारखं बरंच आहे. झोपेपासून सुरू करा. उठायची वेळ एकच, समजा साडेसहा, रविवारीही. झोपायची वेळ ठरवू नका, ती आपोआप लवकर होत जाते, दोन-तीन आठवडे द्या. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास घेतं. पुस्तकं सांगतात की झोप लागत नसेल तर दुसऱ्या खोलीत जा. चौघांच्या खोलीत दुसरी खोली आणायची कुठून? मग जिन्यात किंवा गॅलरीत खुर्ची टाका, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा आणि जांभई आली की परत या. कॉटवर अभ्यास, जेवण, मोबाइल काही नको. मोबाइल हात पोचणार नाही अशा बोर्डाला चार्जिंगला लावा. तेच ते वाईट स्वप्न पडत असेल तर दिवसाउजेडी ते वहीत लिहा, शेवट आपल्या मर्जीनं बदला आणि बदललेलं रूप रोज दहा मिनिटं डोळ्यासमोर आणा. दोन आठवडे नेटानं केलं तर स्वप्नांची धार बहुधा कमी होते. शेवट शक्यतेतलाच हवा असं मुळीच नाही.

दचकल्यावर: दोन्ही तळवे जमिनीला टेकवायचे, चार अंक मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, आणि मनात म्हणायचं, ‘आज मंगळवार, नारायण पेठ, दुसरा मजला, मी चोवीस वर्षांचा, खुर्ची सरकली.’ वार आणि वय घालायचंच, शरीराला नेमकं तेच माहीत नसतं. ‘हे करून काही होत नाही’ म्हणणारे बहुतेक जण फक्त दचकल्यावरच करून बघतात. शांत असताना रोज दोनदा पाच-पाच मिनिटं सराव असेल तरच वेळेला उपयोगी पडतं. दुसरं, तुम्ही अभ्यासिकेत बहुधा भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशा कोपऱ्यात बसत असाल, आणि दिवसभर इअरफोन. या दोन्हींनी आत्तापुरतं बरं वाटतं, पण धोका नाही हे शरीराला कधी कळतच नाही. दर तीन-चार दिवसांनी एक रांग पुढे सरका. इअरफोन रोज अर्धा तास काढून बसा, मग एक तास. पहिल्या जागेवर अस्वस्थपणा निम्म्यावर आल्याशिवाय दुसरी घेऊ नका. एका दिवसात मधल्या टेबलावर जाऊन बसणारे दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेतच जात नाहीत.

घरचा फोन. आईशी बोलायचे दोन वार आणि वेळ ठरवा, समजा बुधवार-रविवार संध्याकाळी सहा, वडील घरी यायच्या आत. रात्री नऊनंतर वडिलांचा फोन उचलायचा नाही, आणि हे त्यांना शुद्धीत असताना एकाच वाक्यात सांगायचं: ‘बाबा, रात्री नऊनंतर मी फोन घेणार नाही, सकाळी बोलू.’ कारणं द्यायची नाहीत, कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो. पहिले आठ-पंधरा दिवस फोन वाढतील, शिव्या येतील, मामांकडून निरोप येतील. तेव्हा दहाव्या फोनला उचललात तर दहा वेळा लावला की उचलतो एवढंच शिकवून ठेवाल. आईच्या जिवाची काळजी हा मात्र खरा मुद्दा आहे. तिच्याकडे शेजारच्या एका घराचा नंबर आणि महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन, तातडीला ११२, हे पाठ असू द्या. दोनशे किलोमीटरपेक्षा लांबून तुम्ही रात्री अकराला तिचं रक्षण करू शकत नाही, शेजारी करू शकतात. वडिलांच्या दारूवर उपचार हवे असतील तर पुण्यात ‘मुक्तांगण’ १९८६ पासून काम करतंय. वडील तयार नसले तरी दारुड्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’चे गट असतात, तिथे तुम्ही एकटे जाऊ शकता.

घरच्यांना जाब विचारायचा का? परिस्थितीवर आहे. मामा आजही पैसे पाठवत असतील तर आत्ता नाही, हे मी स्पष्टच सांगेन. पुढे कधी विचारायचं ठरवलंत तर काय मिळवायचंय ते आधी लिहून काढा. ‘त्यांनी कबूल करावं’ एवढंच असेल तर बहुतेकदा पदरात पडतं ते ‘आम्ही खाऊ-पिऊ घातलं ते विसरलास?’

औषधाबद्दल, कारण कुणीतरी खाली ‘सवय लागते’ असं लिहीलच. डिप्रेशन-चिंतेसाठी सहसा एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीनसारखी गोळी कमी मात्रेत सुरू होते. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, अस्वस्थपणा, झोपेत फरक होऊ शकतो. गुण जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला सहा ते आठ. पंचविशीच्या आत सुरुवातीच्या आठवड्यांत मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात डॉक्टरांची भेट लवकर ठेवतात आणि खोलीतल्या एकाला सांगून ठेवायला सांगतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची, मग हळूहळू उतरवायची. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके येतात, आणि लोकांना वाटतं हेच व्यसन. खरी सवय लागते ती क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-शांततेच्या गोळ्यांची. लिहून दिलीच तर दोन-चार आठवड्यांपुरती. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून परत आणायची नाही. झोपेसाठी बिअर हा उपायही मोडीत काढा: डोळा लवकर लागतो, पण पहाटे तीनला जाग येते. घरात दारूचं व्यसन असलेल्यांना स्वतः त्यात अडकण्याचा धोका जास्त असतो हे वेगळंच.

मरणाचे विचार येऊन-जाऊन असणं आणि कसं, कधी, कुठे हे ठरू लागणं यांत मोठं अंतर आहे. दुसरं सुरू झालं तर वाट बघायची नाही. खोलीतल्या एकाला सांगा, एकटे राहू नका, १४४१६ किंवा ११२ लावा, ससूनच्या तातडीच्या विभागात जा. गावी घरात शेतीची औषधं असतील तर ती कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे, हे आईला आजच सांगता येईल. पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या त्याच कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरून उपचार देणं सरकारची जबाबदारी ठरवली आहे.

म्हणजे क्रम असा: या आठवड्यात रक्त तपासणी आणि पीएचक्यू, उठायची वेळ आजपासून, पंधरा दिवसांत एक भेट, आठवणींचं काम निदान झाल्यावर आणि परीक्षेचं वेळापत्रक बघून. पहिल्या भेटीला एक पानभर लिहून न्या: त्रास कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, झोपेच्या वेळा, चालू औषधं, दारू-तंबाखू किती, घरात आणखी कुणाला मानसिक आजार होता का. लहानपणाबद्दल दोन ओळी पुरतात, ‘घरात मारहाण होती, आज सांगायचं नाही’ एवढं म्हटलंत तरी चांगला तज्ज्ञ तिथे थांबतो. पाच-सहा सेशननंतर पीएचक्यू पुन्हा भरा. गुण जागचे हलले नसतील तर ते थेरपिस्टला तोंडावर सांगा. पद्धत बदलायची, औषधाची जोड द्यायची की दुसऱ्याकडे पाठवायचं, हे ठरवणं त्याचं कामच आहे. तो दुखावला गेला तर दुसरा शोधायला मोकळे आहात, आधीच्या नोंदींची प्रत मागून घ्या म्हणजे नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.